प्राँगहॉर्नच्या शिकारीसाठी रायफलचं कॅलिबर कसं निवडायचं?

अमेरिकेतल्या वायोमिंग, मोंटाना, कोलोरॅडो अशा राज्यांमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास प्राँगहॉर्नच्या शिकारीचा हंगाम असतो. परवाना हातात पडला की नवख्या शिकाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणतं कॅलिबर घेऊ?" दहा जणांना विचारलं तर दहा उत्तरं मिळतात. म्हणून या लेखात आपण मतं बाजूला ठेवू आणि आकडे काय सांगतात ते पाहू. निवड चुकली तर नुकसान फक्त पैशांचं होत नाही. जखमी झालेला प्राणी तासन् तास तडफडत पळत राहतो, हा खरा मुद्दा आहे.

आधी प्राणी समजून घेऊ

प्राँगहॉर्नला तिकडे सर्रास 'अँटिलोप' म्हणतात, पण तो आपल्या काळविटाच्या कुळातला नाही. त्याचे आज हयात असलेले सर्वात जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. नराचं वजन साधारण ४० ते ६५ किलो, म्हणजे प्राणी फार मोठा नाही. वेग मात्र ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे जातो. डोळे मोठे आणि डोक्याच्या बाजूला असल्यामुळे खूप लांबची हालचालही तो टिपतो. शिवाय राहतो उघड्या, झुडपी मैदानात, जिथे आडोसा कमी आणि वारा भरपूर.

याचा अर्थ असा की मारायला फार ताकद लागत नाही, पण गोळी लांबून आणि अचूक जावी लागते. हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर मध्यापासून फक्त १० सेंटिमीटरची चूक चालते.

कॅलिबर म्हणजे नेमकं काय?

कॅलिबर म्हणजे नळीचा किंवा गोळीचा व्यास, बहुतेकदा इंचात. .२४३ म्हणजे ०.२४३ इंच, सुमारे ६.२ मिलिमीटर. पण नावं दर वेळी सरळ नसतात. .२७० विंचेस्टरची गोळी प्रत्यक्षात ०.२७७ इंचाची असते. .३०-०६ मधला '०६' म्हणजे १९०६ हे साल. आणि .२५-०६ म्हणजे त्याच .३०-०६ च्या पितळी कवचाचं तोंड बारीक करून त्यात बसवलेली पाव इंची गोळी. त्यामुळे फक्त व्यास बघून काही ठरत नाही. गोळीचं वजन, तिचा आकार आणि कवचात मावणारी दारू हे सगळं मिळून काडतूस कसं वागेल ते ठरतं.

गोळीचं वजन 'ग्रेन' मध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम.

कायदा काय म्हणतो?

नियम राज्यागणिक बदलतात. कोलोरॅडोत प्राँगहॉर्नसाठी किमान .२४ कॅलिबर, किमान ७० ग्रेनची पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. वायोमिंगमध्ये .२२ सेंटरफायरलाही परवानगी आहे, पण गोळी किमान ६० ग्रेनची हवी. कायद्याने चालतं म्हणजे योग्यच असतं असं मात्र नाही. वाऱ्यात हलकी गोळी जास्त भरकटते.

आता आकडे

तीन लोकप्रिय काडतुसं घेऊ. रायफल २०० यार्डांवर जुळवलेली आहे आणि बाजूने ताशी १६ किलोमीटर वारा आहे, असं धरू. आकडे अंदाजे आहेत, गोळीच्या बनावटीनुसार थोडे बदलतील.

.२४३ विंचेस्टर, १०० ग्रेन
• नळीतून बाहेर पडतानाचा वेग : सेकंदाला ९०० मीटर
• ३०० यार्डांवर गोळी खाली येते : १८ सेंमी
• ३०० यार्डांवर वाऱ्याने सरकते : २० सेंमी

६.५ क्रीडमूर, १४३ ग्रेन
• वेग : सेकंदाला ८२० मीटर
• खाली येते : २० सेंमी
• वाऱ्याने सरकते : १३ सेंमी

.२७० विंचेस्टर, १३० ग्रेन
• वेग : सेकंदाला ९३० मीटर
• खाली येते : १६ सेंमी
• वाऱ्याने सरकते : १७ सेंमी

खाली येण्यात फरक किती? जेमतेम चार सेंटिमीटर. शिवाय हा भाग सोपा आहे, कारण रेंजफाइंडर अंतर सांगतो आणि किती उंच धरायचं ते आधीच माहीत असतं. वारा मात्र कोणतंही यंत्र पूर्ण वाटेवर मोजून देत नाही. तुमच्यापाशी एक वारा, मधल्या खोलगट जागेत दुसरा. तिथे अंदाजच करावा लागतो.

समजा तुम्ही १६ च्या वाऱ्याला ८ समजलात. .२४३ ची गोळी १० सेंटिमीटर चुकेल, म्हणजे बरोबर काठावर. ६.५ क्रीडमूरची साडेसहा सेंटिमीटर चुकेल, म्हणजे अजून आत. लांब, निमुळती गोळी हवा चांगली कापते. तिचा वेग कमी असूनही फायदा होतो तो यामुळे.

पण आता २०० यार्डांचा हिशोब बघा. तिथे .२४३ ची गोळी त्याच वाऱ्यात सुमारे ८ सेंटिमीटरच सरकते. म्हणजे ३०० यार्डांवरच्या क्रीडमूरपेक्षाही कमी! शंभर यार्ड पुढे रांगत गेलात तर जो फायदा होतो, तो नवी रायफल घेऊनही होत नाही.

धक्का विसरू नका

मोठं काडतूस म्हणजे खांद्याला मोठा धक्का. .२४३ चा धक्का हलका, ६.५ क्रीडमूरचा त्याच्या जरा वर, .२७० चा आणखी वर. .३०० विंचेस्टर मॅग्नमचा धक्का क्रीडमूरच्या दुपटीहून जास्त असतो. धक्क्याची धास्ती बसली की माणूस नकळत डोळे मिटतो, ट्रिगर झटकन ओढतो आणि नेम हलतो. शिवाय इतकी ताकद ५० किलोच्या प्राण्यासाठी लागतच नाही, उलट मांस जास्त वाया जाऊ शकतं.

गोळीही पाहा

शिकारीला पसरणारी गोळी वापरतात, लष्करी पद्धतीची पूर्ण धातूच्या आवरणाची नाही. ती आरपार जाते आणि प्राणी जखमी होऊन पळतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही, तांब्याची घ्यावी लागते. गोळी बदलली की रायफल पुन्हा जुळवून घ्यायची, हे नक्की.

मग कोणतं घ्यायचं?

• धक्का नको असेल, अंतर २०० यार्डांच्या आसपास : .२४३ विंचेस्टर
• वाऱ्याचा प्रदेश, अंतर ३०० यार्डांपर्यंत : ६.५ क्रीडमूर किंवा .२५-०६
• पुढे हरणं आणि एल्कही करायचे असतील : .२७० विंचेस्टर
• घरात .३०८ किंवा .३०-०६ आधीच असेल : तीच वापरा, नवी घ्यायची गरज नाही

मराठी वाचकांसाठी एक सूचना

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार काळविटासह वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेपुरतंच. तिथे एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर बंदूक जवळ बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राची रायफल हातात घेण्याआधीही हे तपासा. परवान्याआधी बहुतेकांना शिकारी-प्रशिक्षणाचा कोर्सही करावा लागतो. वायोमिंगमध्ये १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो बंधनकारक आहे.

थोडक्यात सांगायचं तर, .२४३ ते .२७० मधलं कुठलंही काडतूस प्राँगहॉर्नला पुरतं. उरलेल्या पैशांची काडतुसं घ्या आणि हंगामाआधी वाऱ्याच्या दिवशी मैदानावर सराव करा. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या २० सेंटिमीटरच्या ताटलीत बसतात, तेच तुमचं अंतर. त्यापलीकडचा प्राणी दिसला तर ट्रिगरवरून बोट काढायचं आणि आणखी जवळ जायचं.