थुंकीचे घरटे

उन्हाळा लागला की पुण्याच्या मार्केट यार्डात कोकणचा आंबा येतो. पेट्या उतरतात, वास सुटतो, भाव फुटतो. आंब्याला भाव येतो, कांद्याला येतो, गुळाला येतो. पण पाखराच्या घरट्याला भाव येतो, हे कधी ऐकलेत का? तोही किलोवर!

हे पाखरू कोकणातच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटे आहेत. तिथे दीपगृह आहे, पण गाव नाही. तिथल्या अंधाऱ्या गुहेत पाकोळ्या राहतात. पाकोळी म्हणजे चिमणीएवढे पाखरू. दिवसभर उडता उडता किडे, डास खाते. गुहेतल्या काळोखात शिरताना ती टिकटिक आवाज काढते. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यावरून तिला वाट कळते.

तिथे झाड नाही, फांदी नाही. मग घरटे टांगायचे कशाला? पाकोळी आपली थुंकी खडकाला लावते. थुंकी वाळून घट्ट होते. तीत शेवाळ आणि पिसे मिसळून ती अर्ध्या वाटीसारखे घरटे करते. त्यात दोन पांढरी अंडी घालते. हे सारे चालते ते आंब्याच्याच दिवसांत.

चीनकडचे श्रीमंत लोक अशा घरट्यांचे सार करून पितात. म्हणून चोरटे बेटावर शिरतात. घरटे वजनाला हलके, किलो भरायला ढीगभर लागतात. चोर आत काय आहे ते बघत नाही. अंडे असो की पिल्लू, खाली टाकून देतो. पाकोळी पुन्हा थुंकी गोळा करते, पुन्हा बांधते. तेही गेले, तर त्या साली पिल्लू नाही. अशी चार-पाच साले गेली की गुहा ओस पडायला कितीसा वेळ?

2001 च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ही चोरी उघडकीला आणली. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सोबती वनखात्याबरोबर कामाला लागले. चोर पकडले गेले. घरटी मोजायची, राखण ठेवायची, असे काम सुरू झाले.

अंदमानच्या बेटांवर हाच पेच मोठा होता. तिथल्या एका जातीचे घरटे जवळजवळ निव्वळ थुंकीचे, म्हणून भाव फार. डॉ. रवी शंकरन या पक्षी-अभ्यासकाने बेटोबेटी फिरून गुहा तपासल्या. पाखरे झपाट्याने घटली होती. नुसत्या पहाऱ्याने भागेना. तेव्हा त्यांनी घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार केले. चोराच्या वाटा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक? त्यांचे म्हणणे साधे होते: पिल्लू उडून जाऊ द्या, मग रिकामे घरटे काढा.

2009 साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी शंकरन वारले. त्याआधी त्यांनी आणखी एक प्रयोग हाती घेतला होता. पाकोळीचीच दुसरी एक जात माणसांच्या घरांत घरटी करते. तिच्या घरट्यात या किमती जातीची अंडी ठेवायची आणि ती तिच्याकडून उबवून घ्यायची. घरात वाढलेले पिल्लू मोठेपणी घरातच परत येईल, अशी त्यामागची कल्पना.