गुरुवारनंतर शुक्रवारच का?

भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळीकडचा विजेचा भार एकाच वेळी पडू नये म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वाटून दिले गेले, त्यात इथे गुरुवार आला. पण गुरुवारनंतर शुक्रवारच का येतो, याचं उत्तर आकाशात आणि एका साध्या भागाकारात आहे.

जुन्या ज्योतिषांनी सात ग्रह गतीप्रमाणे लावले. सर्वांत मंद शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि सर्वांत चपळ चंद्र. दिवसाचे तास याच क्रमाने एकेकाकडे, आणि पहिला तास ज्याचा, वारही त्याचा. गुरुवारचा पहिला तास गुरूचा. सातांच्या तीन फेऱ्या संपल्या की बाविसावा पुन्हा गुरूचा, तेविसावा मंगळाचा, चोविसावा रवीचा. दुसऱ्या दिवशीचा पहिला तास शुक्राकडे येतो, झाला शुक्रवार! चोविसाला सातने भागून उरणाऱ्या तिनाने अख्खा आठवडा रचला आहे. आर्यभटाने हा नियम मोजक्या शब्दांत दिला. त्या तासाला आपण 'होरा' म्हणतो. तो शब्द ग्रीकांकडून आला. मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभलेखात, इसवी सन 484 मध्ये, वाराचा उल्लेख आहे, आणि तो वारही गुरुवारच.

हेच गणित युरोपातही गेलं. चाकणला ज्या जर्मनांच्या गाड्या बनतात, ते गुरुवारला 'डोनर्सटाग' म्हणतात, डच 'डोंडरडाख'. दोन्हींत मेघगर्जनेचा देव आहे, कारण रोमनांचा गुरू, म्हणजे ज्युपिटर, वीज पाडणारा होता. गावाकडे कुणी 'बेस्तरवार' म्हणालं तर त्यात बृहस्पती ऐकू येतो.

दिवसाच्या आतली आपली काही नावं मात्र इथली आणि फार देखणी आहेत. तीन तासांचा एक प्रहर, सूर्योदयापासून दोन प्रहर सरले की दुपार. चोवीस मिनिटांची घटका: तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची, ती भरून बुडाली की एक घटका संपली. म्हणूनच कुणाची घटका 'भरते'. घटका संपली की धातूची थाळी ठोकत. 'तास' हे त्या थाळीचंच, फारसीतून आलेलं नाव. रात्रपाळीचा कामगार मोबाईलच्या निःशब्द पडद्यावर वेळ बघतो, तरी सांगताना म्हणतो, "तीन वाजले."