आधी गोळी, मग रायफल

अमेरिकेतल्या साउथ डकोटा, वायोमिंग, मोंटाना या राज्यांतल्या कुरणांवर प्रेअरी डॉग नावाचा, खारीच्या कुळातला प्राणी वसाहती करून राहतो. लांबी फूट-सव्वा फूट, वजन किलोच्या आसपास. बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा राहिला की समोरून दिसणारा भाग जेमतेम तीन-साडेतीन इंच रुंद. शिकारी असतो दोनशे-अडीचशे यार्डांवर, आणि मध्ये कुरणावरचा वारा. गुरं पाळणाऱ्यांचा या प्राण्यावर राग, कारण गुरांच्या तोंडचं गवत तो खातो. पूर्वेकडे पेनसिल्व्हेनिया-ओहायोत सोयाबीनच्या शेतात घुसणारा, खारीच्याच कुळातला ग्राउंडहॉग, आणि जवळजवळ सगळीकडे कोकरांवर टपलेला, लांडग्याच्या कुळातला कायोटी. अशा उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीला तिकडे व्हार्मिंट हंटिंग म्हणतात. त्यासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी रायफल उचलून खांद्याला लावतो. खरा हिशोब मात्र उलट्या दिशेने करायचा असतो: प्राणी कोणता, किती अंतरावर, त्यासाठी गोळी कोणती, त्या गोळीला नळी कशी हवी आणि सगळ्यात शेवटी रायफल.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चाप एकदा ओढला की एकच बार होतो. रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस चेंबरमध्ये सरकवणं हे काम रायफल स्वतः करते. एआर-१५ घराण्याच्या रायफलीत नळीला वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. गोळी त्याच्या पुढे गेली की मागचा तापलेला वायू थोडा त्या भोकातून नळकांड्यात शिरतो आणि बोल्टला मागे ढकलतो. बरेच जण ही रायफल भराभर गोळ्या झाडण्यासाठी घेतात. व्हार्मिंटच्या शिकारीत तिचा उपयोग वेगळाच आहे. हाताने बोल्ट ओढायच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीत प्रत्येक बारानंतर हात उचलावा लागतो, गाल दस्त्यावरून हलतो, दुर्बिणीतलं चित्र निसटतं. सेमी-ऑटोमध्ये डोळा जागेवरच राहतो. .२२३ सारख्या काडतुसाचा धक्का सौम्य, त्यामुळे गोळी कुठे पडली, वाऱ्याने किती सरकली, हे शिकाऱ्याला स्वतःलाच दिसतं आणि पुढचा नेम सुधारता येतो. कायोटीच्या बाबतीत फायदा आणखी रोखठोक: शिट्टीच्या हाकेला कधी दोन-तीन एकदम येतात आणि पहिला बार होताच पळत सुटतात.

आता काडतूस. शेताच्या बांधावर, पन्नास-पाऊणशे यार्डांच्या आत खारी आणि घुशीएवढे प्राणी एवढाच मामला असेल तर .२२ लाँग रायफल पुरे. हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय, आणि १९६४ साली आलेली रुगर १०/२२ ही त्यातली सगळ्यात खपलेल्या रायफलींपैकी एक. दहा गोळ्यांचं फिरकीचं मॅगझिन, सुटे भाग गल्लोगल्ली. मर्यादा तिची नाही, काडतुसाची आहे. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला बाराशे-साडेबाराशे फुटांनी निघते आणि पन्नास यार्डांवर नेम बसवला असेल तर शंभरावर सुमारे सहा इंच खाली येते.

त्याच्या वरचं .१७ एचएमआर २००२ मध्ये आलं: १७ ग्रेनची चिमुकली गोळी, वेग २,५५० फूट. दीडशे यार्डांपर्यंत प्रेअरी डॉगसाठी सुरेख. पण सेमी-ऑटोत या काडतुसाने बंदूकवाल्यांना बरीच वर्षं दमवलं. दाब जास्त, पुंगळी पातळ. साध्या ब्लोबॅक रायफलीत, म्हणजे जिथे बोल्ट फक्त आपल्या वजनाने आणि स्प्रिंगने बंद राहतो तिथे, तो वेळेआधी उघडला तर पुंगळी फाटू शकते. २००९ मध्ये रेमिंग्टनने आपली .१७ एचएमआरची ५९७ रायफल बाजारातून मागे घेतली. २०१५ साली सॅव्हेजने ए-१७ आणली, तिच्यात दाब उतरेपर्यंत बोल्टला क्षणभर रोखून धरणारी कळ आहे. तेव्हा या काडतुसाची जुनी सेमी-ऑटो कोणी स्वस्तात देत असेल तर हात जोडावेत.

दोनशे यार्डांच्या पुढे, किंवा कायोटीसाठी, बहुतेकांची गाडी .२२३ रेमिंग्टनवर येऊन थांबते, आणि ते योग्यच आहे. ५५ ग्रेनची गोळी ३,२०० फुटांच्या पुढे, ४० ग्रेनची लांब नळीतून ३,८०० पर्यंत. काडतूस प्रत्येक दुकानात मिळतं आणि त्याच वर्गातल्या इतरांपेक्षा स्वस्त पडतं. .२०४ रुगर (२००४) याहून वेगवान आहे: ३२ ग्रेन, ४,२०० फुटांच्या वर. तेही एआर-१५ मध्ये बसतं, पण पर्याय कमी आणि खिशाला चाट जास्त. .२२-२५० चं नाव व्हार्मिंटवाले आदराने घेतात, मात्र त्याची पुंगळी एआर-१५ च्या मॅगझिनमध्ये मावत नाही. मोठी, जड रायफल लागते, आणि नळीही लवकर झिजते. मला विचाराल तर पहिली रायफल .२२३ ची. बाकीचं नंतर, हौस उरली तर.

रायफल हातात घेतली की आधी नळीवर कोरलेली बारीक अक्षरं वाचावीत. तिथे दोन गोष्टी असतात. पहिली चेंबरची: ‘.२२३ रेमिंग्टन’, ‘५.५६ नाटो’ किंवा ‘.२२३ वाइल्ड’. .२२३ आणि ५.५६ ची काडतुसं बाहेरून सारखी दिसतात, पण लष्करी ५.५६ चा दाब जास्त ठेवलेला असतो आणि त्याच्या चेंबरमध्ये आटे सुरू होण्याआधीची मोकळी जागा लांब असते. त्यामुळे .२२३ काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये चालतं. उलट करू नये, दाब धोक्याच्या वर जाऊ शकतो. वाइल्ड हे दोन्ही चालावीत आणि नेमही चांगला राहावा म्हणून काढलेलं मधलं माप. व्हार्मिंटसाठी मी तेच शोधेन.

दुसरी खूण असते ‘१/९’, ‘१/८’, ‘१/७’ अशी. नळीतले आटे किती इंचांत एक पूर्ण वेढा घेतात, ते हे माप. भोवऱ्याला जाळीने जसा पीळ मिळतो तसा गोळीला या आट्यांनी, आणि फिरण्याच्या जोरावरच ती सरळ जाते. गोळी जितकी लांब आणि जड, तितका पीळ घट्ट हवा. ३,२०० फुटांच्या वेगाने निघालेली गोळी १/९ च्या नळीत मिनिटाला सुमारे २,५६,००० फेरे घेते. १/७ मध्ये तोच आकडा ३,२९,००० च्या घरात जातो. व्हार्मिंटच्या गोळीचं कवच मुद्दाम पातळ केलेलं असतं. फारच हलकी, पातळ कवचाची गोळी १/७ मधून पूर्ण वेगाने मारली तर कधी कधी लक्ष्यापर्यंत पोचण्याआधी हवेतच चिंध्या होते. म्हणून ४० ते ५५ ग्रेनच्या गोळ्यांसाठी १/९ उत्तम, १/८ ही चालेल.

गोळीचं कवच पातळ का, हे कळलं की अर्धी विद्या आली. अशा गोळीच्या टोकाला प्लास्टिकची निमुळती टोपी असते. हॉर्नडीची व्ही-मॅक्स किंवा नॉस्लरची बॅलिस्टिक टिप पेटीतून काढून पाहिली तर रंगीत टोक लगेच ओळखू येतं. आपटताच ती टोपी मागे रेटली जाते आणि गोळी फुटते. प्राणी जागच्या जागी मरतो, जखमी होऊन बिळात सरपटत नाही. दुसरं कारण माणसांच्या सुरक्षेचं: नेम चुकला तर गोळी मातीत फुटून संपते. सरावासाठी मिळणारी स्वस्त, पूर्ण कवचाची लष्करी धाटणीची गोळी दगडावर किंवा कडक जमिनीवर आपटून उसळते आणि पलीकडच्या शेताकडे निघते. लहान प्राण्यातून ती आरपार जाते ते वेगळंच. पोलादी गाभ्याच्या गोळीने तर दगडावर ठिणगी पडून वाळलं गवत पेटू शकतं. कायोटीचं कातडं विकायचं असेल तर फार फुटणारी गोळी मोठं भोक पाडते, तिथे ५५ ग्रेनची जरा दणकट गोळी बरी.

बाकीच्या गोष्टी पटकन. नळी वीस ते चोवीस इंच, जाडसर, आणि दस्त्याच्या पुढच्या भागाला कुठेही न टेकणारी. फौजी मापाचा चाप ओढायला साडेपाच पौंडांच्या वर जोर लागतो; तीन इंचांच्या लक्ष्यावर तो जाचतो, त्यामुळे पहिला जादा खर्च चांगल्या दोन टप्प्यांच्या चापावर करावा, दिखाऊ सामानावर नाही. दुर्बीण चार ते सोळा पटींची पुरते. त्याहून मोठी घेतली तर दुपारी तापलेल्या जमिनीवरची झळाळीच मोठी होऊन दिसते. नेम शंभर यार्डांवर साधारण एका इंचात बसायला हवा. तीनशे यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा .२२३ च्या गोळीला नऊ-दहा इंच सरकवतो, म्हणजे अख्ख्या प्रेअरी डॉगपेक्षा तिप्पट रुंदी. रायफल कितीही भारी असली तरी वारा वाचायला शिकावंच लागतं.

एआरची एक खोड माहीत असलेली बरी. तिच्यातल्या टाचणीला, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर आपटून बार उडवणाऱ्या भागाला, स्प्रिंग नसते. बोल्ट बंद होताना टाचणी प्रायमरला हलकं टेकते, म्हणून न उडवलेलं काडतूस बाहेर काढलं की त्यावर बारीक खळगा दिसतो. तो बिघाड नव्हे. मात्र तेच काडतूस पुन्हा पुन्हा भरत-काढत राहिलं तर गोळी पुंगळीत आत दबू शकते आणि दाब वाढतो. ते बाजूला काढावं.

प्रेअरी डॉगच्या वसाहतीत दिवसभरात शेकडो गोळ्या सहज उडतात आणि नळी तापून नेम भरकटतो. शहाणे लोक दोन रायफली आलटून पालटून वापरतात. पण इतक्या प्राण्यांचा माग काढून केवळ मारत सुटणं मला पटत नाही, आणि अमेरिकेतही यावर वाद आहे. काळ्या पायांचं फेरेट हे छोटं शिकारी जनावर जवळजवळ पूर्णपणे प्रेअरी डॉगवर जगतं. ते नामशेष झालं असं वाटत असताना १९८१ मध्ये वायोमिंगच्या मीटिट्सीजवळ सापडलं. शिवाय मेलेल्या प्रेअरी डॉगच्या अंगात राहिलेला गोळीतल्या शिशाचा चुरा ससाण्यांच्या आणि गरुडांच्या पोटात जातो. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर संपूर्ण बंदी घातली. तांब्याच्या किंवा तांबं-कथलाच्या गाभ्याच्या व्हार्मिंट गोळ्या आता मिळतात. कायद्याने सक्ती नसली तरी त्याच घ्याव्यात.

कायदा राज्यागणिक बदलतो. पेनसिल्व्हेनियात सेमी-ऑटो रायफलने शिकार करायला वर्षानुवर्षं मनाई होती. ग्राउंडहॉग आणि छोट्या प्राण्यांसाठी ती २०१७ मध्ये उठली. युटा प्रेअरी डॉगला संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे. तिकडे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांसाठी एक महत्त्वाचं: एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला मुळात बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना हा तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची रायफलही हातात घेऊ नका. इथे महाराष्ट्रात रानडुकरांनी उभं पीक लोळवलं तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू असतो. वन खात्याच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही.

रायफल घेऊन झाली की काडतुसांची मोठी पेटी एकदम विकत घेऊ नका. तीन-चार कंपन्यांचा एकेक छोटा डबा आणा, थंड नळीने शंभर यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे गट मारून बघा, आणि ज्या गोळीचा गट सगळ्यात लहान आला ती घ्या. एकाच कारखान्यातल्या, एकाच मापाच्या दोन नळ्यांनाही एकच गोळी आवडेल असं नसतं.