साडेअकरा हजार फुटांवरचे वऱ्हाड

गेल्या आठवड्यात माझे एक जुने पेशंट दवाखान्यात आले. पिशवीतून रक्तदाबाची फाइल काढण्याऐवजी त्यांनी लग्नपत्रिका काढली. पुतण्याचे लग्न लेहला आहे, मुलगी लडाखची. "डॉक्टरसाहेब, आम्ही पंधराजण जातोय. सकाळी विमानाने उतरायचे, संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. सोबत औषधे काय काय घेऊ?"

मी म्हणालो, "भाऊ, औषधांचे नंतर बघू. आधी तिकिटे बदला. लग्नाच्या तीन दिवस आधी पोहोचा."

त्यांना ते पटेना. म्हणून मी त्यांना जे समजावून सांगितले, तेच आज वाचकांसाठी लिहितो.

लेह सुमारे साडेअकरा हजार फुटांवर, म्हणजे 3,500 मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे लेहची उंची कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तिथेही 21 टक्केच असते, पण हवेचा दाब कमी असल्याने एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच भरतो. शरीर याची हळूहळू सवय करून घेते. मात्र त्याला दिवस लागतात आणि दिल्लीहून विमान आपल्याला दीड तासात तिथे नेऊन सोडते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा, झोप न लागणे असा त्रास साधारणपणे उतरल्यानंतर 6 ते 12 तासांत सुरू होतो. म्हणजे नेमका हळदीच्या वेळी!

काही वर्षांपूर्वी मी स्वतः लेहला अशाच एका लग्नाला गेलो होतो. वऱ्हाडात 68 वर्षांच्या एक मावशी होत्या. पहिला दिवस त्या पांघरूण घेऊन पडून राहिल्या, तेव्हा सगळे हसले. नवरदेवाचा एक मित्र 28 वर्षांचा, रोज व्यायाम करणारा. तो पहिल्याच संध्याकाळी मनसोक्त नाचला, वर छांग प्याला. दुसऱ्या दिवशी त्याचे डोके दुखत होते, पण आनंदाच्या कार्यात कुरकुर कशाला, म्हणून तो गप्प बसला. रात्री खोकत माझ्याकडे आला. थंडी बाधली असेल, असे समजून मी खोकल्याचे औषध दिले. ती माझी चूक. पहाटे मला उठवले, तेव्हा त्याला आडवे पडवत नव्हते, बसल्या जागी धाप लागत होती, ओठ निळसर झाले होते. फुफ्फुसांत पाणी साठू लागले होते. लगेच रुग्णालयात नेऊन ऑक्सिजन लावला, म्हणून तो वाचला. लग्न त्याच्याविना लागले. मावशी मात्र पहिल्या पंगतीला ताज्यातवान्या बसल्या होत्या.

कमावलेले शरीर या आजारापासून वाचवत नाही. विश्रांती वाचवते.

पोहोचल्यावर

पहिले दोन दिवस आराम करा. सामान उचलणे, जिने चढणे, बाजार पालथा घालणे नको. दुसऱ्या दिवशी जवळपास सावकाश फिरा. नाचायचे ते तिसऱ्या दिवसानंतर. या दोन दिवसांत दारू, छांग आणि झोपेची गोळी वर्ज्य. पाणी थोडे थोडे पण पुरेसे प्या. तिथला लोण्याचा गुरगुर चहा खारट असतो, रक्तदाबवाल्यांनी घोटभरावर थांबावे. खारदुंग ला ही खिंड 17 हजार फुटांहून उंच आहे, ती पाहायला लग्नानंतर जा. कापूर हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही. ऑक्सिजनच्या छोट्या डब्याने घटकाभर बरे वाटते, आजार जात नाही.

अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी निघण्याच्या आदल्या दिवसापासून घेतल्यास त्रास टळण्यास मदत होते. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. मात्रा मुद्दाम छापत नाही, आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असेल तर ते त्यांना आधी सांगा.

कोणी आधी तपासून घ्यावे?

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, दमा व फुफ्फुसांचे जुने आजार, रक्तक्षय असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी. रोजची औषधे बंद करू नयेत, ती हातातल्या बॅगेतच ठेवावीत. इन्सुलिन गोठू देऊ नये.

आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ आढळतो. 'एसएस' रुग्णांनी हा प्रवास टाळावा. 'एएस' म्हणजे वाहकाला इथे सहसा काही जाणवत नाही, पण उंचीवर त्याच्या प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर गॅस समजून बसू नये.

धोक्याच्या खुणा

बसल्या जागी धाप लागणे, वाढता खोकला, फेसाळ गुलाबी बेडका, असंबद्ध बोलणे, सरळ रेषेत पावलापुढे पाऊल ठेवून चालता न येणे. यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. लेहहून श्रीनगरला किंवा मनालीला रस्त्याने उतरायचे म्हटले तरी आधी लेहपेक्षाही उंच खिंडी चढाव्या लागतात. म्हणून आधी ऑक्सिजन आणि उपचार, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने विमानाने परत. उंचीवर डोके दुखले तर दुसरे कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच दुखते आहे, असे समजावे.

माझ्या पेशंटने तिकिटे बदलली आहेत. हळद तिसऱ्या दिवशी ठेवायला यजमानही तयार झाले.

पाहुण्यांना एकच विनंती, त्रास झाला तर लगेच सांगा. लग्नात रुसून बसणारा पाहुणा आपण चालवून घेतो, पण तिथे आजार लपवणारा पाहुणा परवडत नाही.