निमंत्रण मागे घेतल्यानंतर : यवतमाळच्या संमेलनाचा मागोवा

मराठी वाचकांचा समाज आता वर्षभर एकमेकांना भेटतो तो मुख्यतः फोनच्या पडद्यावर. यवतमाळचा शिक्षक, पुण्याची संपादक, बडोद्याचा निवृत्त कारकून आणि अमेरिकेतला अभियंता एकाच पुस्तकावर तासन्‌तास वाद घालतात, एकमेकांची कविता पुढे पाठवतात, नाराज होऊन गट सोडतात आणि पुन्हा परततात. या विखुरलेल्या समाजाला प्रत्यक्ष एका जागी आणणारा सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे वर्षातून तीन दिवस भरणारे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. पुस्तकांच्या दालनांतली गर्दी, कवी कट्ट्यावर आपला क्रम येण्याची वाट पाहणारे नवखे कवी, ग्रंथदिंडीत चालणारी शाळेची मुले, हे सारे पाहिले की या समाजाला आपल्या असण्याची खूण एकत्र जमण्यातच सापडते हे कळते. म्हणूनच या जमण्यावर घाव पडतो तेव्हा तो खोल जातो. ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात यवतमाळला भरलेल्या ९२व्या संमेलनावर असा घाव पडला. त्या वेळचा राग आता निवळला आहे, त्यामुळे शांतपणे विचार करता येतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, यवतमाळला मतभेदांमुळे काही बिघडले नाही. मतभेद कोणी, कुठे आणि कोणत्या नियमाने सोडवायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून बिघडले.

यवतमाळकरांसाठी हे संमेलन किती मोलाचे होते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली १९७३ साली इथे संमेलन झाले होते. त्यानंतर सुमारे साडेचार दशकांनी हा मान पुन्हा मिळत होता. याच जिल्ह्यातील वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे १९२८ च्या ग्वाल्हेर संमेलनाचे अध्यक्ष होते आणि वणीचेच राम शेवाळकर १९९४ च्या पणजी संमेलनाचे. ज्या जिल्ह्याने हे अध्यक्ष दिले, त्याचे नाव नंतरच्या काळात उरलेल्या महाराष्ट्राच्या कानांवर पडले ते कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांच्या संदर्भात. २०१७ मध्ये तर फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर इथे दगावले. अशा जिल्ह्यात साहित्याचा मांडव उभा राहणार होता. दुसरीकडे, संमेलन भरवणाऱ्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने नुकतीच घटनादुरुस्ती केली होती. सुमारे हजारभर मतदारांच्या निवडणुकीतून अध्यक्ष ठरवण्याची जुनी पद्धत सोडून सन्मानाने निवड करायचे ठरले होते आणि त्या पद्धतीने निवडले गेलेले पहिले नाव अरुणा ढेरे यांचे होते. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष यांच्यानंतर या पदावर आलेल्या त्या पाचव्या स्त्री. सुरुवात अशी शुभ होती.

उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावण्यात आले होते. ‘रिच लाइक अस’ या कादंबरीसाठी मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी २०१५ साली परत केला होता. वैचारिक मतभेदांमुळे माणसे मारली जातात आणि त्यावर मौन पाळले जाते, हे त्यांचे दुःख होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेला मराठी संमेलनाच्या उद्घाटनाला बोलावू नये, असा आक्षेप स्थानिक पातळीवर आला आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी कार्यक्रम उधळण्याचा इशारा दिला. संमेलन पाच दिवसांवर असताना, ६ जानेवारीला, निमंत्रण मागे घेतल्याचे पत्र सहगल यांना गेले. त्यानंतर लगेच पक्षप्रमुख राज ठाकरे यांनी त्यांच्या येण्याला आपला विरोध नसल्याचे जाहीर करून दिलगिरी व्यक्त केली, पण पत्र जाऊन चुकले होते. ९ जानेवारीला महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला आणि विद्या देवधर यांच्याकडे सूत्रे आली. अनेक निमंत्रित लेखक-कवींनी यवतमाळला न जाण्याचे जाहीर केले. उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर एकटीने संसार ओढणाऱ्या आणि ‘तेरवं’ या नाटकातून स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलणाऱ्या त्या स्त्री होत्या.

या घटनाक्रमात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुतेकांनी वाटेतच सोडून दिला. निमंत्रण मागे घेण्याचा निर्णय नेमका कोणाचा? पत्र आयोजन समितीच्या नावाने गेले. महामंडळाचा त्यात वाटा किती, यावर दोन्ही बाजू जाहीरपणे वेगवेगळे बोलल्या. यात व्यक्तींना दोष देणे सोपे आहे, पण खरा दोष रचनेत आहे. संमेलन महामंडळाचे असते, मांडव यजमान संस्थेचा, पैसा बराचसा शासनाचा आणि देणगीदारांचा, स्वागताध्यक्षपदी बहुधा राजकीय नेता. यवतमाळला पालकमंत्री मदन येरावार त्या पदावर होते. एवढे हात लागलेल्या कामात निमंत्रण देताना सर्वांची संमती असते, पण ते टिकवण्याची जबाबदारी एकट्या कोणाचीच नसते. संकट आले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो आणि सर्वांत भेदरलेला हात पत्रावर सही करतो. हजारो सदस्य आणि लाखो वाचक असलेल्या समाजाच्या नावाने चार-दोन माणसांनी काही तासांत शब्द फिरवला आणि तो समाज ही बातमी फोनवर वाचत राहिला.

आक्षेप घेणाऱ्यांचा पहिला मुद्दा भाषेचा होता आणि तो तुच्छतेने उडवून लावण्यासारखा नाही. मराठीचे एवढे मोठे व्यासपीठ वर्षातून एकदाच मिळते, त्याचा पहिला मान मराठी लेखकाला का मिळू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा मुद्दा निमंत्रण देण्यापूर्वी मांडायचा असतो आणि तो सर्वांना सारखाच लावायचा असतो. आदल्याच वर्षी बडोद्याच्या संमेलनाचे उद्घाटन गुजराती साहित्यिक रघुवीर चौधरी यांनी केले, तेव्हा मराठीचा अपमान झाल्याचे कोणी म्हटले नव्हते. शिवाय सहगल यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी होते, ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतर करणारे संस्कृतचे पंडित होते. नाते शोधायचेच असते तर ते समोर होते. पण नात्याच्या जोरावर त्यांचा हक्क सिद्ध करण्याचीही गरज नाही. पाहुण्याला बोलावून घेतल्यावर त्याचा मान राखणे ही यजमानाची अब्रू असते, मग पाहुणा कोणत्याही भाषेचा असो.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. जिल्ह्याच्या गावातली, मर्यादित साधनांची संस्था, मांडवात हजारो माणसे, त्यांत लहान मुले आणि वृद्ध. दगडफेक झाली असती तर जबाबदार कोण, हा आयोजकांचा प्रश्न खरा होता. मुंबई-पुण्यात बसून त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांनी तो धोका स्वतःच्या अंगावर घेतलेला नव्हता. तरीही या युक्तिवादाचा शेवट कुठे होतो ते पाहावे. धमकी आली की निमंत्रण मागे घ्यायचे असेल, तर उद्घाटक ठरवण्याचा अधिकार धमकी देणाऱ्याकडे जातो. सुव्यवस्था राखणे हे पोलिसांचे काम आहे आणि पालकमंत्रीच स्वागताध्यक्ष असताना ते काम मागून घेणे अशक्य नव्हते. पक्षाच्या प्रमुखाने पाठोपाठ विरोध सोडला, यावरून एक-दोन दिवसांच्या धीराने काय साधले असते हेही दिसते. आयोजकांची भीती समजून घेता येते, पण तिला समाजाचा निर्णय म्हणून मान्यता देता येत नाही. आणि त्यांना एकटे पाडण्याचे अपश्रेय महामंडळाचेही आहे. धीर एकट्याने धरायचा नसतो, तो संस्थेने पुरवायचा असतो.

बहिष्काराबद्दलचे मतभेद अधिक अवघड आहेत. न गेलेल्या लेखकांनी यवतमाळच्या वाचकाला शिक्षा केली, असे तेव्हा म्हटले गेले. त्यात तथ्य आहे. आवडत्या कवीला ऐकायला दारव्हा, पुसद, उमरखेडहून आलेल्या वाचकाचा निमंत्रण मागे घेण्यात काहीच हात नव्हता. दुसरीकडे, लेखकाकडे निषेधाची साधने तरी किती असतात? आपला शब्द आणि आपली उपस्थिती. उपस्थिती काढून घेणे हाही एक शब्दच आहे. जे गेले त्यांनीही मौन पाळले नाही, ही गोष्ट पुरेशी नोंदली गेलेली नाही. अरुणा ढेरे यांनी अध्यक्षपदावरून, सहगल यांना येऊ न देणे अनुचित आणि अशोभनीय होते असे स्पष्ट सांगितले. मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी त्याच व्यासपीठावरून निषेध नोंदवला. प्रेक्षकांत काही महिला सहगल यांचे मुखवटे लावून बसल्या. वैशाली येडे यांना पर्याय म्हणून बोलावले गेले असेल, पण त्या पर्याय म्हणून बोलल्या नाहीत. एकट्या राहिलेल्या बाईवर लादले जाणारे विधवापण आणि कापसाला व माणसाला न मिळणारा भाव यांबद्दल त्यांनी जे सांगितले, त्याने मांडव आतून हलला. त्यांना सहगल यांच्यासमोर उभे करून कोणती बाई अधिक आपली, असा हिशेब मांडणे दोघींवरही अन्याय करणारे होते. त्या व्यासपीठावर दोघींनाही जागा होती, असायला हवी होती.

वर्षभर पडद्यावर नांदणाऱ्या समाजाने या दिवसांत दोन परस्परविरोधी कामे केली. सहगल यांचे लिखित भाषण मराठीत येऊन हातोहात पसरले. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांची आठवण देणारे ते भाषण मांडवात मावणाऱ्या श्रोत्यांपेक्षा कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोचले. बंदी घालणाऱ्याला शब्द अडवता येत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. २९ जानेवारीला मुंबईत दादरच्या शिवाजी मंदिरात सहगल यांच्या उपस्थितीत जी सभा झाली, तीही या आपसांतल्या हाकांतून उभी राहिली. पण त्याच माध्यमाने माणसांना दोन रकान्यांत भरले. जो गेला तो लाचार आणि जो राहिला तो ढोंगी. वर्षानुवर्षांचे स्नेह त्या आठवड्यात तुटले. पडद्यावरच्या वादात समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्याची अडचण दिसत नाही, म्हणूनच प्रत्यक्ष भेटीची किंमत वाढते. एकत्र येणे रद्द करून किंवा नासवून या समाजाने वाद सोडवण्याची आपली सर्वांत चांगली जागाच गमावली.

संमेलनात वाद नकोच, तीन दिवस आनंदाचे असावेत, असे अनेकांना मनापासून वाटते. या परंपरेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. पुढे १८८५ च्या सभेचे निमंत्रण नाकारताना जोतीराव फुले यांनी, ज्यांना आमचे हक्क देववत नाहीत त्यांच्याशी आमचे जमणार कसे, अशा अर्थाचे पत्र पाठवले. ते पत्र आज मराठी साहित्यविचाराचा पाया मानले जाते. म्हणजे या जमण्यावरचा सर्वांत थोर आक्षेप न आलेल्या माणसाने नोंदवला आहे. १९७५ मध्ये आणीबाणी असताना कराडच्या संमेलनात स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण यांच्या समोर दुर्गा भागवत निर्भयपणे बोलल्या. चव्हाण आणि भागवत यांचे मार्ग निराळे होते, पण संमेलन एक राहिले. १९९९ मध्ये धारावीत बाबूराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलन सुरू झाले, तेही या मांडवात आपल्याला जागा नाही असे वाटणाऱ्यांनी उभारलेले घर होते. ज्याला एखाद्या समाजाशी काहीच देणेघेणे नसते तो त्याच्याशी भांडत नाही. फुल्यांपासून मुखवटे लावलेल्या महिलांपर्यंत प्रत्येक विरोधकाने या समाजावर आपला हक्क सांगितला आहे.

यवतमाळनंतर काही बदलले का? काही अंशी नक्कीच. २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा त्यांच्या धर्मगुरू असण्यावरून विरोध झाला, उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही न जाण्याविषयी पत्रे गेली. महामंडळ मागे हटले नाही आणि संमेलन ठरल्याप्रमाणे पार पडले. २०२३ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन संमेलने एकाच वेळी भरली, तेव्हा अध्यक्ष नरेंद्र चपळगावकर स्वतः विद्रोहीच्या मांडवात गेले. पण हे त्या त्या माणसांचे मोठेपण होते, आणि मोठेपणावर विसंबून संस्था चालवता येत नाही. उद्घाटक आणि अध्यक्ष यांचे निमंत्रण महामंडळाच्या पूर्ण बैठकीशिवाय मागे घेता येणार नाही, घेतल्यास मतदान आणि कारणे जाहीर होतील, आणि धमकी हे कारण कधीही ग्राह्य धरले जाणार नाही, एवढी तीन वाक्ये घटनेत लिहायला हवीत. आक्षेप असणाऱ्यांना मांडवातच, ठरलेल्या वेळी, आपले म्हणणे मांडण्याचा हक्कही त्यातच असावा. त्यामुळे भांडणे थांबणार नाहीत आणि थांबूही नयेत. भांडणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार मात्र कोणाही एका भेदरलेल्या किंवा मातलेल्या हातात उरणार नाही. यवतमाळच्या वाचकाने, न आलेल्या लेखकाने आणि बोलावून मग नाकारलेल्या पाहुणीने जे सोसले, त्याची भरपाई याच वाटेने होऊ शकते.