आहेराची वही

सोलापुरात आमच्या जुन्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एक लांबट वही आहे. लाल कापडी पुठ्ठा, पहिल्या पानावर 'श्री' आणि हळदीकुंकवाची बोटं. त्याखाली आत्याच्या लग्नात आलेला आहेर ओळीनं लिहिलेला: नाव, गाव, वस्तू. कुणाची टॉवेल-टोपी, कुणाचा खण-नारळ, कुणाचा पितळी तांब्या, कुणाचे रोख पाच रुपये. काही ओळींपुढे निराळ्या शाईनं बरोबरची खूण आहे. म्हणजे त्या घरच्या कार्यात आपलाही आहेर पोचला. जिथं खूण नव्हती, तिथं बोट ठेवून आजी शेवटपर्यंत विचारायची, "यांच्याकडं काही कार्य निघालं का रे?"

ती वही मी समाजशास्त्र शिकायला लागल्यावर पुन्हा उघडली. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ साली भेटवस्तूंवर एक दीर्घ निबंध लिहिला. भेट ही वरवर राजीखुशीची दिसते, पण तिच्यामागं तीन बंधनं असतात, असं त्याचं म्हणणं. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि फेडावं लागतं. यातलं एकही टाळलं तर नातं तुटतं. न्यूझीलंडचे माओरी, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे आदिवासी, प्राचीन रोम, आणि आपल्या महाभारतातलं अनुशासनपर्व एवढा त्याचा पसारा. आजीनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. पण तिन्ही बंधनं तिच्या वहीत होती.

मॉसच्या आधी तीन वर्षं मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं ट्रोब्रियंड बेटांवरची 'कुला' नावाची प्रथा जगापुढे आणली. शिंपल्यांच्या माळा एका दिशेनं आणि शंखांची कडी उलट दिशेनं बेटाबेटांवरून फिरत राहतात. कुणी ती कायमची ठेवून घेत नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात 'देण्याघेण्याच्या साड्या' असतात. आल्या तशा घडी न मोडता पुढं जातात. त्या कुणी नेसत नाही म्हणून अनेकजण त्यांना नावं ठेवतात, पण मला ते पटत नाही. ती साडी नेसण्यासाठी नसतेच. 'तुमचं घर आमच्या लक्षात आहे' हे सांगायला ती चार उंबरे ओलांडून आलेली असते. रोख आहेर अकरा, एक्कावन्न, एकशे एक असा असतो, त्यातही तेच. वरचा एक रुपया हिशेब पुरा होऊ देत नाही, व्यवहार पुढं चालू ठेवतो.

सोलापूरला हे अधिक जवळचं, कारण आहेराचं कापड इथंच विणलं जातं. पूर्वभागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत मागांची खडखड ऐकत आमची पिढी वाढली. जकार्ड मागावर नक्षी उठवलेली सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सोलापूरच्या पाहुण्यानं चादर आणली नाही, तर यजमानाला चुकल्यासारखं वाटतं.

पण प्रत्येक देणं असं परत फिरत नाही. जर्मन भाषेत 'गिफ्ट' या शब्दाचा अर्थ विष असा होतो, आणि मॉसनं या शब्दावर वेगळं टिपण लिहिलं होतं. ग्लोरिया रहेजा या अमेरिकन अभ्यासिकेनं उत्तर प्रदेशातल्या एका गावाचा अभ्यास करून १९८८ साली दाखवलं की, दान देणारा धान्याबरोबर आपलं अशुभही घेणाऱ्याच्या पदरात टाकत असतो. हे आपल्याला परकं नाही. ग्रहणात 'दे दान, सुटे गिराण' ही आरोळी कोणत्या वस्तीतून यायची आणि जुनेर कुणाच्या झोळीत पडायचं, हे जुन्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. बलुतेदारीत महारांना वर्षभराच्या राबण्याबद्दल जे मिळायचं, त्यातली भाकर दारोदार मागून आणावी लागे. ती खरं तर मजुरी होती. गावानं तिला भिक्षेचं रूप दिलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाबाबतचं विधेयक मांडलं, ते याच बंधनावर बोट ठेवून. ज्याची परतफेड करायची मुभाच नाही असं देणं घेणाऱ्याला कायमचं खाली बसवतं.

याला उत्तर सोलापूरच्याच मातीत आहे. बाराव्या शतकातले शिवशरण सिद्धरामेश्वर हे या शहराचं ग्रामदैवत. तळ्याकाठचं देऊळ आणि संक्रांतीची गड्ड्याची जत्रा सगळ्यांना माहीत असते. शरणांनी दिलेली कायक आणि दासोह ही शब्दजोडी मात्र आपण कमी उच्चारतो. कायक म्हणजे स्वतःच्या श्रमानं मिळवणं. त्यातलं गरजेपुरतं ठेवून उरलेलं समाजाला देणं म्हणजे दासोह, आणि तेही 'मी दाता' असं म्हणून नव्हे, 'मी दास' असं म्हणून. दानात देणाऱ्याचा हात वर असतो. दासोहात वाढणारा वाकलेला असतो आणि जेवणारा मान वर करून जेवतो. देणगीच्या सगळ्या सिद्धांतांत मला याहून नेमका विचार सापडलेला नाही.

राज्यकारभारालाही हीच कसोटी लावावी. मतदाराला भेटवस्तू देणं १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं भ्रष्ट आचार ठरतं, तरी निवडणुकीच्या हंगामात साड्यांचे गठ्ठे सापडल्याच्या बातम्या थांबत नाहीत. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये सुरू झाले, आणि नेत्यांनी त्यांना भावाची ओवाळणी म्हटलं. त्या पैशानं कित्येक घरांत औषधं आली, वह्या-पुस्तकं आली, त्याचं मोल मी जाणतो. पण ओवाळणी घेतली की ओवाळावं लागतं. याच महाराष्ट्रानं १९७२च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा कायदा केला, तो १९७९च्या प्रजासत्ताकदिनी लागू झाला. सोलापूर जिल्ह्यानं दुष्काळ पुष्कळ पाहिले. इथल्या बायका हमीच्या कामावर खडी फोडायला गेल्या, तेव्हा ती कुणाची मेहेरबानी नव्हती. कायद्यानं दिलेला हक्क होता. सरकारी पैशाला हक्क म्हणायचं की भेट, याचा निर्णय आपण शब्दांतूनच करत असतो.

मराठीत 'देणगी'चा आणखी एक अर्थ आहे. गळ्याची देणगी, बुद्धीची देणगी. लुईस टर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२१ पासून कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार अतिबुद्धिमान मुलं चाचणीनं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्याच्या चाळणीत न बसलेल्या मुलांपैकी शॉकली आणि अल्वारेझ या दोघांना पुढं नोबेल मिळालं. आपल्याकडे आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढली, तीही बुद्धिमान मुलांसाठीच. तिथं मात्र बुद्धी समाजाच्या कामी लावायची ही अट पहिल्या दिवसापासून होती. हा फरक महत्त्वाचा आहे. देणगी म्हटली की फेड आलीच. स्कॉलरशिपच्या तुकडीतल्या मुलाला आपण 'तू हुशार आहेस' एवढंच सांगतो, 'कुणाकुणाच्या आधारानं हुशार झालास' हे सांगायचं राहून जातं.

म्हणून मला माढा तालुक्यातल्या परितेवाडीची गोष्ट सांगावीशी वाटते. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झालं. रक्कम दहा लाख डॉलर. पुस्तकांत क्यूआर कोड घालून धडे मुलांपर्यंत पोचवणं हे त्यांचं काम तेव्हा जगभर पोचलं. पण नाव जाहीर होताच त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली, प्रत्येकाला सुमारे पंचावन्न हजार डॉलर. ज्यांना हरवलं, त्यांनाच वाटेकरी केलं. आमच्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला हे सुचलं, याचं मला नवल वाटत नाही. अभिमान मात्र वाटतो.

आता लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात. आहेरापायी कर्ज काढणारी घरं मी पाहिली आहेत, त्यामुळं हा बदल मला नकोसा नाही. मात्र त्याबरोबर वह्याही रद्दीत चालल्या आहेत. कुणी कुणाला काय दिलं, कोणत्या जातीच्या घरातून आहेर यायचा आणि कोणत्या घरातून कधीच आला नाही, इथल्या कापडगिरण्या बंद पडल्यावर रोख रकमा कशा आटल्या, हे सगळं त्या पानांत आहे. यंदा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर अशी वही सापडली, तर ती टाकू नका. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ बसा, एकेक नाव वाचा, आणि ते माणूस कोण होतं हे समासात लिहून ठेवा.