स्थानिक पुंजक्यांचे मापन : एकाच माहितीतून दोन निष्कर्ष का निघतात ?

साथीचे रुग्ण, पिकांवरील कीड किंवा विहिरींची खालावलेली पातळी या गोष्टी जिल्ह्यात सर्वत्र सारख्या आढळत नाहीत. काही ठिकाणी त्या एकवटतात. अशा जागांना सांख्यिकीमध्ये पुंजके म्हणता येईल. फवारणीची पथके प्रथम कोणत्या गावी धाडावयाची, हे पुष्कळदा या पुंजक्यांवरून ठरते. परंतु एकच माहिती दोन निरनिराळ्या संगणकीय आज्ञावल्यांना दिली असता उत्तरे वेगळी येतात, असा अनुभव अनेक कार्यालयांत येतो. यंत्राने गणितात चूक केली, असा समज त्यामुळे होणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा तसे नसते. त्याची कारणे येथे सांगण्याचे योजिले आहे.

शेजारच्या जागा एकमेकींसारख्या असतात, ही गोष्ट इंदूरला नवी नाही. सन १९२४ मध्ये येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली व सर अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. याच संस्थेत जोसेफ हचिन्सन व विनायक गोविंद पानसे यांनी १९३०-४० या दशकात कापसाच्या क्षेत्रीय प्रयोगांच्या पद्धतीचा अभ्यास केला. प्रयोगाचे वाफे किती मोठे असावेत व कसे मांडावेत, हा प्रश्न ज्या कारणाने उद्भवतो ते कारण म्हणजे जमिनीचा कस : तो शेतात पट्ट्यापट्ट्यांनी बदलतो. पुढे पानसे यांनी पां. वा. सुखात्मे यांच्यासमवेत लिहिलेला कृषी सांख्यिकीवरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला व देशभर अभ्यासला गेला.

शेजारांतील हे साम्य अंकांत मांडण्याची एक रीत ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञ पॅट्रिक मोरान यांनी १९५० मध्ये दिली. प्रत्येक जागेचे मूल्य सरासरीपेक्षा किती अधिक वा उणे आहे ते काढावे. शेजारी जोड्यांतील या अंतरांचा गुणाकार करून त्याची सरासरी घ्यावी, आणि तिला अंतरांच्या वर्गांच्या सरासरीने भागावे. उत्तर धन व मोठे आल्यास सारखी मूल्ये एकत्र आहेत, आणि ऋण आल्यास विरुद्ध मूल्ये शेजारी आहेत, असे समजावे.

आता एक लहान उदाहरण पाहू. समजा, चार चौरस शेते दोन ओळींत आहेत. वरच्या ओळीत सोयाबीनचे उत्पन्न हेक्टरी १२ व ८ क्विंटल, खालच्या ओळीत ८ व १२ क्विंटल आहे. सरासरी १०; म्हणून अंतरे +२, −२, −२, +२. ज्यांचा बांध सामाईक आहे तेच शेजारी मानले, तर चार जोड्या होतात. प्रत्येकीचा गुणाकार −४, वर्गांची सरासरी ४. म्हणून निर्देशांक −१. परंतु केवळ कोपरा लागणारी शेतेही शेजारी मानली, तर जोड्या सहा होतात आणि निर्देशांक −१/३ येतो. चार जागांसाठी कोणतीही रचना नसताना अपेक्षित असणारे मूल्यही −१/३ हेच आहे. म्हणजे एक आज्ञावली पूर्ण विरोध दाखवील, तर दुसरी काहीच विशेष नाही असे सांगेल. गणित दोहोंचे बरोबर आहे. शेजाराची व्याख्या मात्र निराळी आहे.

दुसरे कारण अंतर मोजण्याचे. इंदूरच्या अक्षांशावर एक अंश उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम सुमारे १०३ किलोमीटर भरतो. आज्ञावलीने अंश हेच सपाट कागदावरील माप समजून ०.१ अंशाची मर्यादा लावली, तर १०.७ किलोमीटर उत्तरेचे गाव शेजारी ठरते आणि तितक्याच अंतरावरील पूर्वेचे गाव वगळले जाते.

तिसरे कारण भाराचे. काही ठिकाणी प्रत्येक गावाच्या सर्व शेजाऱ्यांचा एकूण भार एक धरतात. काही ठिकाणी प्रत्येक शेजाऱ्याला एक भार देतात. दुसऱ्या रीतीत ज्या गावाला आठ शेजारी आहेत त्याचा प्रभाव दोन शेजारी असलेल्या सीमेवरील गावापेक्षा वाढतो. ज्या गावाला एकही शेजारी नाही, त्याला काही आज्ञावल्या शून्य भार देतात, तर काही तेथेच थांबून सूचना मागतात.

चौथे कारण चाचणीचे. 'आर' भाषेतील 'एसपीडेप' संचातील मोरान चाचणी, वेगळी सूचना न दिल्यास, साम्य अपेक्षेहून अधिक आहे काय एवढेच एका बाजूने तपासते. 'आर्कजीआयएस' दोन्ही बाजूंनी तपासते. त्यामुळे एकीकडे ०.०४ आलेली संभाव्यता दुसरीकडे ०.०८ येते, आणि पाच टक्क्यांची प्रचलित मर्यादा लावणाऱ्यास एकदा पुंजका दिसतो, एकदा दिसत नाही. 'जिओडा' ही आज्ञावली मूल्यांची वारंवार फेरमांडणी करून संभाव्यता काढते. ९९ फेरमांडण्यांत ती ०.०१ च्या खाली जाऊच शकत नाही. ९९९ मध्ये ०.००१ पर्यंत जाते. फेरमांडणी यादृच्छिक असल्याने आरंभीचा अंक बदलल्यास उत्तर किंचित हलते.

यापुढील सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. इंदूर महानगरपालिकेच्या ८५ प्रभागांची एकेक करून पाच टक्क्यांच्या मर्यादेने तपासणी केली, तर कोणताही पुंजका नसतानाही सरासरी चार प्रभाग केवळ योगायोगाने ठळक दिसतील. काही आज्ञावल्यांत यासाठी दुरुस्तीची सोय असते. ती वापरली की नकाशावरील लाल प्रभाग कमी होतात. ती न वापरता पथके धाडल्यास निकडीच्या वस्तीकडे मनुष्यबळ उशिरा पोहोचण्याचा धोका असतो.

म्हणून असा नकाशा सादर करताना त्याखाली पुढील गोष्टी नोंदविणे अगत्याचे आहे : आज्ञावलीचे नाव व आवृत्ती, शेजाराची व्याख्या, अंतराचे माप, भाराची रीत, चाचणी एकतर्फी की दुतर्फी, फेरमांडण्यांची संख्या व आरंभीचा अंक, आणि दुरुस्ती केली की नाही. शेजाराच्या दोन-तीन व्याख्या घेऊनही जे गाव पुंजक्यात राहते, त्यास प्रथम प्राधान्य द्यावे. शिक्षकांनी वरील चार शेतांचे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखविल्यास विद्यार्थ्यांस हा विषय सहज समजेल. ग्रामस्थांनीही आपले गाव नकाशात का आले किंवा का आले नाही, असे विचारण्यास संकोच करू नये. वरील नोंदी ठेवलेल्या असल्या, तर त्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयास देता येईल.